पांढऱ्या खुंट्या

सरकारी पत्राला उत्तर न देण्याची विनताच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती. एक नव्हे, दोन पत्रं आली होती. दोन्हींत मजकूर एकच: कैलासवासी पुंडलिकराव वराडपांडे यांजकडे असलेली मोजणीची वही कचेरीत जमा करावी. खाली सही, शैलेंद्र वैरागडे, इंजिनिअर. पहिलं पत्र बाबांच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी आलं, दुसरं माघ सरता सरता. विनताने दोन्ही नीट घडी घालून वहीखाली ठेवली आणि वही होती तिथेच राहू दिली, बाबांच्या टेबलावर, त्यांनी स्वतः गुंडाळलेल्या सुतळीत. सुतळीचे आठ-दहा वेढे आणि वर त्यांची गाठ. ती सोडली की पुन्हा तशी बसणार नव्हती, एवढंच कारण. मुलींच्या वह्या एक दिवस उशिरा आल्या तर न तपासता परत करणाऱ्या भूगोलाच्या बाईंना हे कारण कुणाला सांगता आलं नसतं. म्हणून तिने ते सांगितलंही नाही.

फाल्गुनातल्या एका शनिवारी संध्याकाळी नथ्थू दाराशी येऊन उभा राहिला. छावणीमागच्या गोल्फच्या मैदानावर तो तीस वर्षं साहेबांच्या पिशव्या वाहत होता. आता तिथला माळी, राखणदार, सगळं तोच.

"दीदी, कल से खुदाई लग रही है," तो म्हणाला. "बाबूजी की लकड़ियाँ हमने किसी को हिलाने नहीं दीं. पर आप एक बार देख लेतीं तो अच्छा था."

इंग्रज जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या अफसरांचं हे मैदान गावातल्या कुणालाही खेळता यावं असं नव्याने बांधायचं, असं एका कमिटीने ठरवलं होतं. आराखड्यासाठी कमिटीनेच पेन्शनीत गेलेल्या ओव्हरसियर पुंडलिकरावांना घरून बोलावून नेलं. कमिटीतल्या निम्म्या लोकांना तिथे खरं तर बंगले हवे होते. त्यांनी एक अट घालून ठेवली होती: नवं मैदान पहिल्या पावसाळ्यात टिकलं तर ठीक, नाही तर जमिनीचे प्लॉट पाडायचे. म्हणून बाबांनी अख्खा पावसाळा त्या मैदानात काढला, जागोजागी लाकडी खुंट्या ठोकत. विनता छत्री धरायला जायची. मग पौषात ते गेले. नकाशा निम्मा शाईने झाला होता, निम्मा पेन्सिलीतच राहिला. पण त्यावर नाव त्यांचं होतं. मैदान बुडालं तर त्या नावासकट बुडणार होतं.

रविवारी सकाळी विनताने वही पिशवीत टाकली आणि कांचघरच्या नाक्यावर टांगा केला.

मैदानावर पाच मजूर कुदळी टेकून उभे होते. एका दगडावर नारळ, उदबत्ती, कुंकवाची पुडी. सोलाहॅट घातलेला तिशीचा एक गृहस्थ टेप गुंडाळत पुढे आला.

"वराडपांडे बाई तुम्हीच ना? मी वैरागडे. दोन पत्रं लिहिली तुम्हाला."

"मिळाली."

"मग काहून उत्तर नाही दिलं?"

"माझी चूक झाली," विनता म्हणाली. "आज वही आणली आहे."

भांडायच्या तयारीने आलेल्या माणसाला समोरच्याने आधीच चूक कबूल केली की पुढे काय करावं ते सुचत नाही. वैरागड्यांनी हॅट काढली, पुन्हा घातली. "बरं. वडील गेल्याचं ऐकून वाईट वाटलं," ते म्हणाले. "काम मात्र थांबवता येत नव्हतं मला. आज सुरू करून राहिलो."

तोवर विनताची नजर त्यांच्या मागे गेली होती. वाळलेल्या गवतात चुन्याचं एक मोठं गोल आखलेलं होतं. गोलाच्या बरोबर मध्ये बाबांची खुंटी, डोक्याला चुना लावलेली.

"हे गोल कुणी आखलं?"

"मी. पहिला ब्राउन इथेच येते ना."

आपल्याकडच्या उन्हात हिरवळ जगत नाही. म्हणून गोल्फच्या होलभोवती तेल चोळलेली वाळू पसरून दाबतात, त्याला ब्राउन म्हणतात. त्यासाठी आधी हातभर खोल, परातीसारखा खड्डा खणावा लागतो. एवढं विनताला बाबांमुळे ठाऊक होतं.

"इथे कशावरून?" तिने विचारलं.

"खुंटी आहे ना मधात, चुन्याची. चुना टाकला तिथे खोदायचं, हे तर मिस्त्रीचं पोरगंही सांगेल."

"आणि गेरू लावलेल्या? लाल?"

"लाल म्हणजे धोका. हात नाही लावायचा."

"होल किती आहेत, वैरागडे साहेब?"

"नऊ."

"पांढऱ्या खुंट्या?"

"अकरा." ते जरा अडखळले. "दोन शिकाऊ लोकांसाठी असतील, असं धरलं मी."

"लाल नऊ आहेत," विनता म्हणाली.

वैरागडे एकदा मैदानाकडे आणि एकदा तिच्याकडे पाहत राहिले. माणूस हटवादी नव्हता, पण शिकलेला होता. "बाई, तुम्हीच पाहा," ते म्हणाले. "लाल सगळ्या चढावर, मुरमावर, खडकाच्या कडेला. पांढऱ्या सगळ्या सपाट, मऊ मातीत. मऊ जागा सोडून मुरमात कोण खोदते?"

"पावसाळ्यात ज्याने ती मऊ जागा पाहिली आहे, तो."

मग तिने सांगितलं. ग्वारीघाटावर पूर ओसरला की नावाडी चुन्यात हात बुडवून पायरीवर पंजा उठवतात: यंदा नर्मदा इथवर आली होती. बाबांचं लहानपण त्या नावाड्यांत गेलं. पुढे ओव्हरसियर झाले, पूल बांधले, रस्ते बांधले, पण त्यांच्या हिशेबी चुना म्हणजे पाणी ते पाणीच. आणि काम जिथे सुरू करायचं तिथे गेरू, शुभाचा. शेवटच्या वेळी विनता घाटावर गेली ती अस्थी घेऊन. त्या दिवशी तिने गुरुजींकडे पाहिलं नव्हतं, नदीकडेही नाही. पायऱ्यांवरचे पांढरे पंजे तेवढे मोजले होते. हे तिने वैरागड्यांना सांगितलं नाही.

"म्हणजे तुम्ही म्हणता, या अकरा जागी पाणी साचते."

"साचतं नाही, महिनाभर उभं राहतं."

"कोणी पाहिलं?"

तिने नथ्थूकडे पाहिलं. नथ्थूने मान हलवली. "हम नहीं, दीदी. आषाढ़ से क्वार तक मैदान बंद रहता है. हम गाँव में धान लगाते हैं. तीस साल में बरसात का मैदान हमने देखा ही नहीं."

ते पाणी पाहिलेली दोनच माणसं होती. त्यांतलं एक आता राहिलं नव्हतं.

"वहीत असेल ना लिहून?" वैरागड्यांनी हात पुढे केला. "द्या."

विनताने पिशवीत हात घातला. सुतळीचा खरखरीतपणा बोटांना लागला. तिने हात तसाच बाहेर काढला.

"बाबांचा एक नियम होता," ती म्हणाली. "आधी जमीन, मग कागद. वही देते. आधी एक खुरपं द्या."

"तुम्ही खणणार?"

"मुलींना मातीचे प्रकार शिकवते मी. इतकी वर्षं फळ्यावरच शिकवले."

नथ्थूने खुरपं आणून दिलं. विनताने पदर खोचला आणि चुन्याच्या गोलात पांढऱ्या खुंटीपाशी बसली. वरची माती तडकलेली, काळी. चार बोटं खाली ओलसर लागली. वीतभर खाली खुरप्याच्या पात्याला काहीतरी अडकून वर आलं: काळपट, केसाळ गाठींची माळच, एकीला एक बारीक मुळांनी जोडलेली. तिने एक गाठ नखाने खरवडून वैरागड्यांपुढे धरली.

त्यांनी हुंगली. "हा तर उटण्याचा वास."

"नागरमोथा. वरचं गवत गुरांनी खाल्लं म्हणून दिसत नाही. पाणी उभं राहिल्याशिवाय तो असा माजत नाही. आता लाल खुंटीपाशी चला."

लाल खुंटी तीस पावलांवर, चढावर होती. तिथे खुरपं दोन बोटं गेलं आणि खणखणलं. मुरूम. कोरडा, पिवळा. आणखी खणलं तरी मुरूमच. वैरागडे परत फिरले, दुसऱ्या पांढऱ्या खुंटीपाशी गेले आणि मजुराच्या हातातली कुदळ घेऊन स्वतः खणू लागले. तिथेही मोथा. तिसरीपाशीही.

नथ्थूला आता राहवलं नाही. "तभी तो जाड़े में सूअर यहीं-यहीं खोदते हैं. हम लाठी लेकर भगाते थे. मतलब साहब से पहले नक्शा तो सूअरों ने पढ़ लिया था."

मजूर दुसरीकडे पाहू लागले. वैरागड्यांनी कुदळ टेकली, कपाळ पुसलं आणि क्षणभराने हसले. "खरं आहे रे बाबा," ते म्हणाले. "आषाढात मी अकरा तळी बांधून दिली असती. कमिटीने त्यात बदकं सोडली असती आणि मला सोडलं असतं नागपूरला." मग विनताकडे वळून, जरा हळू, "वही आधी आली असती तर, बाई..."

"हो," विनता म्हणाली. "तो दोष माझा. आता घ्या."

गाठ घट्ट होती. ती सोडायला तिला वेळ लागला. कुणी घाई केली नाही. सुतळीचे वेढे उलगडत गेले तसे वाटलं होतं त्याहून जास्त निघाले. तिने ती हातावर गोळा केली आणि वही वैरागड्यांना दिली. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं:

"लाल खूण, ब्राउन. पांढरी खूण, पाणी. ब्राउनची त्रिज्या, या वहीची सुतळी."

त्यांनी मान वर करून विनताच्या हातातल्या सुतळीकडे पाहिलं. मग टेप काढून मोजली. टोकापासून टोकापर्यंत बारा फूट, ना कमी ना जास्त.

त्यांनी पुढचं पान उलटलं. "पांढरी पहिली. श्रावण शुद्ध दशमी. पाणी विनताच्या घोट्यावर तीन बोटं. पांढरी दुसरी. विनताची अर्धी पोटरी..." ते थांबले. "पट्टी नव्हती का त्यांच्यापाशी?"

"होती. पहिल्याच आठवड्यात भिजून तिचे आकडे गेले. मग म्हणाले, तूच उभी राहा."

वैरागड्यांनी वही तिच्याकडे केली. "बाकीचं तुम्ही वाचा. माप तुमचं आहे."

तिने वाचलं. वर्गात वाचतात तसं, स्पष्ट, शब्द न गिळता. एकेका खुंटीपाशी जायचं, वाचायचं, दोन कुदळी मारून पाहायच्या आणि पुढे. चौथ्या लाल खुंटीपाशी एक पायवाट वळण घेऊन जात होती. पहाटे ग्वारीघाटाला फुलं नेणाऱ्या बाया त्या वाटेने जायच्या. चेंडू लागतील म्हणून ही वाट बंद करावी लागेल असं वैरागड्यांनी कमिटीला कळवलंही होतं. आता होल लाल खुंट्यांपाशी धरून पाहिल्यावर दिसलं की एकही चेंडू त्या वाटेवरून जात नव्हता.

"हे पत्र मला मागे घ्यावं लागते," ते म्हणाले.

"उत्तर यायच्या आत घ्या," विनता म्हणाली. "सरकारी पत्रांना लोक वेळेवर उत्तर देत नाहीत."

शेवटची पांढरी खुंटी पार खालच्या कोपऱ्यात होती, खडकांच्या पायथ्याशी. विनताने पान उलटलं. इथलं अक्षर जरा तिरकं होतं.

"पांढरी अकरावी," ती वाचू लागली. "मला सकाळपासून कणकण आहे. विनताने पाण्यात उतरू दिलं नाही. ती एकटीच गेली आणि तिथून ओरडून म्हणाली, गुडघा. न पाहता लिहीत आहे. तिचं माप चुकत नाही."

त्याखाली काही नव्हतं. उरलेली पानं कोरी होती. तिने वही मिटली, अंगठा मात्र त्या पानातच राहिला. समोरच्या खडकावर एक कोतवाल पक्षी बसला होता. तो उडून जाईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"ही नाही खणली तरी चालते," वैरागडे म्हणाले. "त्यांनी नव्हती तपासली."

"आजारी होते म्हणून नव्हती तपासली. नाही तर तपासली असती. नथ्थू भैया, खुरपं."

मोथा वीतभर खालीच होता, सगळ्यांत दाट.

परत पहिल्या लाल खुंटीपाशी आले तेव्हा ऊन वर आलं होतं. पांढऱ्या खुंटीभोवतीचं गोल मजुरांनी पायाने पुसून टाकलं होतं. वैरागड्यांनी सुतळीचं एक टोक लाल खुंटीला बांधलं आणि दुसरं विनतापुढे केलं.

"मला येतं ते," ती म्हणाली, "पण गोल नीट आलं नाही तर सांगा."

"तुमच्या वर्गात कोणी सांगते का?"

"सांगतात. पण एकदाच."

नथ्थूने नारळ फोडला आणि पाणी खुंटीवर शिंपडलं. मग हात धोतराला पुसत त्याने विचारलं, "साहब, यह सबके लिए है, तो हम भी खेल सकेंगे? तीस साल थैला ही उठाया है."

"पहिला चेंडू तूच मारशील," वैरागडे म्हणाले. "पण पाणी तुंबलं तर बदकंही तूच राखशील."

"नहीं तुंबेगा, साहब," नथ्थू म्हणाला. "दीदी ने नापा है."

विनताने एका हातात सुतळी ताणून धरली. दुसऱ्या हातात चुन्याचा डबा. ती सावकाश मागे सरकत गोल आखू लागली. सुतळी कुठेही सैल पडू दिली नाही. चुन्याची रेघ फिरून आपल्या सुरुवातीला येऊन मिळाली तेव्हा वैरागड्यांनी मजुरांना हात केला आणि पहिली कुदळ मुरमावर खणखणली.

सुतळी तिने हातातून सोडली नाही. अजून आठ गोलं आखायची होती.