जलीलचाचांची खुर्ची आणि अप्पांची मूठ

मित्रांनो, मी मुरुडच्या जलीलचाचांच्या दुकानातली दाढीची जुनी खुर्ची आहे. सागवानी अंग, रुंद हात आणि मागं मान टेकवायला उशी. लातूरच्या सुतारानं मला मन लावून घडवलं होतं. माझ्यावर बसला की सरपंचसुद्धा निमूट हनुवटी वर करून डोळे मिटायचा. इतका आज्ञाधारकपणा त्याच्या घरच्यांनी कधी पाहिला नसेल!

पुढे चाचांच्या मुलानं, जावेदनं, गुबगुबीत फिरत्या खुर्च्या आणल्या आणि माझी रवानगी पत्र्याच्या शेडमध्ये झाली. कोंबड्या माझ्यावर अंडी घालू लागल्या.

माझी सुटका सिद्रामप्पांमुळे झाली. डाळीचे व्यापारी, माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. त्यांना लकवा झाला. हळूहळू चालता येऊ लागलं, पण डाव्या हाताची मूठ वळलेलीच राहिली. गळ्यातलं इष्टलिंग, म्हणजे लिंगायतांचं छोटं शिवलिंग, डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय हा माणूस कधी जेवला नव्हता. आता ते हातातून पडेल या धास्तीनं त्यांनी पूजा सोडली, बोलणं सोडलं, ताटातली भाकरीही तशीच राहू लागली. डॉक्टर म्हणाले, औषधाबरोबर मनालाही उभारी हवी, बसून करायचा योग सुरू करा. सून मंजुषा तो शिकून आली. पण प्लास्टिकच्या खुर्चीत अप्पा कलंडायचे, म्हणून चाचांनी मला रिक्षातून धाडलं.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. "डोळे मिटा, श्वासाकडं लक्ष द्या," मंजुषा म्हणाली. अप्पांनी माझ्या उशीवर मान टेकवली, हनुवटी वर केली आणि घोरायला लागले. सवयच ती! रोज हाच प्रकार. मंजुषा रडकुंडीला आली आणि मला पुन्हा कोंबड्यांकडं पाठवायचं ठरू लागलं.

अशाच एका सकाळी योग चालू असताना चाचा अप्पांची दाढी करायला आले. मंजुषाही हटेना.

"अप्पा, श्वास सावकाश सोडा."

"सोडू नका! गाल फुगवा," चाचा वस्तरा धरून म्हणाले.

"सोडा!"

"हवा सोडली तं गाल कापंल बगा!"

अप्पा फुगलेल्या गालांनी दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले आणि एकदम फसकन हसले. चाचांनी वस्तरा वेळेवर मागं घेतला म्हणून बरं. फेस मात्र चाचांच्याच दाढीवर उडाला.

"तुमी दोगं मिळून जीव घेताव का माजा?" अप्पा म्हणाले. लकवा झाल्यापासून त्यांचं हसू कुणी पाहिलं नव्हतं. माझे सांधे करकरेपर्यंत ते हसले. मग दमून रेलले, आणि मंजुषा सांगेल तसा श्वास संथ होत गेला. माझ्या हातावर टेकलेली त्यांची मूठ सैल पडली, बोटं उघडली. त्यांची पत्नी महादेवी दारातून ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, विभूती लावून अप्पा माझ्यावर बसले. श्वास संथ झाला, मूठ उघडली. महादेवीनं तळहातावर इष्टलिंग ठेवलं.

"पडलं तर?" अप्पांनी विचारलं.

"मी हाय न्हवं, खाली हात धरून."

तेवढ्यात बोटं पुन्हा वळली, इष्टलिंगाभोवती घट्ट. ज्या मुठीनं सगळ्यांना रडवलं होतं, तिनंच ते सांभाळलं. त्या दिवशी अप्पांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

मित्रांनो, घरात कुणी म्हातारं माणूस असं गप्प झालं असेल, तर त्याच्याजवळ बसा, त्याला हसवा. आणि जुनी खुर्ची कोंबड्यांना देण्याआधी एकदा तिचे हात बघा.