धाकटी बंद पडली

इंजिनांना मुलींची नावं द्यायची हौस बाबांचीच. कारखान्यातून पहिलं डिझेल इंजिन बाहेर पडलं, त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'थोरली'. ते गळायचं, धूर ओकायचं आणि गिऱ्हाईक बघायला आलं की नेमकं रुसायचं. दुसरं इंजिन 'धाकटी'. ते पहिल्याच दिवशी सुरू झालं आणि त्याने कारखान्याला बरकत आणली. विहिरी, गिरण्या, लाकडाच्या वखारी, जिकडे बघावं तिकडे धाकटीच.

यात घरातल्या थोरलीचा काय दोष? पण कामगारांच्या जिभेला हाड नसतं. "आज परत थोरली बिघडली," हे ऐकतच ती मोठी झाली. लग्नात तर कुणीतरी नवऱ्याला विचारलं, "सुरू व्हायला त्रास देत नाही ना?" सगळे हसले, आणि सगळ्यांत जोरात हसली धाकटी बहीण. तेव्हापासून थोरलीने तिला जे पाण्यात पाहिलं, ते आजतागायत.

आज कारखान्याला पन्नास वर्षं झाली होती. आवारात दोन्ही जुनी इंजिनं रंग देऊन मांडली होती. सुरू मात्र करणार होते फक्त धाकटीला, तेही धाकटीच्याच हाताने. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. फोटो हिचे, भाषण हिचं, आणि आपण काय, आलेल्यांना चहा विचारत फिरायचं? मंडळी चहाकडे वळली तशी ती हळूच इंजिनापाशी गेली आणि डिझेलचा कॉक बंद करून आली.

मिस्त्रींनी हँडल फिरवलं, धाकटीने लिव्हर पाडला. इंजिनाने चार ठोके दिले आणि मान टाकली. परत हँडल, परत तेच. कॉक मिस्त्रींनी सकाळीच स्वतः उघडला होता, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्षच जाईना. मॅनेजर गुडघ्यांवर बसला, म्हातारे कामगार चष्मे सावरत वाकले, जो तो आपलं शहाणपण सांगू लागला. थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बहिणीचं पडलेलं तोंड जवळून बघावं म्हणून ती पुढे गेली.

धाकटी डोळे पुसत होती, आणि हसतही होती.

"अगं, काय झालं तुला?"

"काही नाही गं ताई. बाबा असते ना, तर आज धावत आले असते. आठवतं, तुझ्या इंजिनापाशी कसे बसून असायचे? जेवणसुद्धा तिथेच. माझं एकदा सुरू झालं, मग फिरकलेच नाहीत तिकडे. चालतंय ना, मग बघायचं काय! माझ्याशीही तसंच वागले. किती जळायचे मी तुझ्यावर!"

जळण्याचं कंत्राट आपल्या एकटीकडेच आहे, असं थोरली इतकी वर्षं धरून चालली होती. तिला आधी बहिणीचा राग आला, मग बाबांची आठवण आली आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

ती बहिणीच्या कानाशी वाकली. "डिझेलचा कॉक मी बंद केलाय. थांब, उघडते."

धाकटीने तिचा हात घट्ट धरला.

"पाहिलं होतं मी तुला," ती म्हणाली. "राहू दे गं. अजून थोडा वेळ बघू देत सगळ्यांना धाकटीकडे."