उसवलेलं नाव

मी बोलतोय, बाप्तिस्म्याचा एक झगा. माझा तोरा जरा सहन करा, जन्मच सरदारघरचा आहे.

जर्मनीतल्या एका बॅरनच्या घरी मला पातळ लिननमधून शिवलं, आणि पिढ्यानपिढ्या तिथलं प्रत्येक बाळ बाप्तिस्म्याला मलाच घालायचं. त्या घरात मुलग्यांची नावं वंशावळीत जायची आणि मुलींची माझ्या काठावर, रेशमाने, आईच्या हातची. मुली लग्न होऊन देशोदेशी पांगायच्या, पण इथे सगळ्या शेजारी शेजारी असायच्या. याचा मला फार अभिमान होता.

त्या घरच्या धाकट्या लेकीचं, हेडविगचं नाव तिच्या आईने घातलं आणि तिनेच उसवलं. का, तर दुसऱ्या महायुद्धानंतर हेडविगने एका इंग्रज शिपायाशी, साध्या इलेक्ट्रिशियनशी लग्न केलं. बाई खिडकीत बसून छोट्या कात्रीने एकेक अक्षर काढत होत्या. रडत होत्या, पण हात थांबला नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्यानंतर मला कुणी पाण्यातही घातलं नाही, म्हणून सुईची भोकं तेवढी तशीच राहिली.

२००६ साली हेडविगची थोरली बहीण गिझेला मला बॅगेत घालून इंग्लंडमध्ये, मेडनहेडला आली. हेडविग आता विधवा, डोळे गेलेले, अंथरुणाला खिळलेली. बहिणीचा आवाज ऐकताच तिने पहिलं काय विचारलं?

"माझं नाव आहे ना गं झग्यावर? की आईने काढलं?"

"आहे की," गिझेला म्हणाली. "इस्त्री करून उद्या आणते."

धादांत खोटं! म्हातारी तशीच मला घेऊन शेजारी सुहासिनीकडे गेली. ही पुण्याची, नवऱ्याच्या, सतीशच्या, नोकरीपायी इथे आलेली. हेडविगला रोज वरणाचं पाणी नेऊन द्यायची.

"माझे हात थरथरतात," गिझेला म्हणाली. "तिचं नाव तू घालशील?"

"शाळेत शिकले होते, ट्राय करते."

सुहासिनी भोकाला भोक जोडत गेली. मधेच म्हणाली, "आंटी, मी मूळची सुनीती. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने 'सुहासिनी' लिहिलं, आणि झालं. आता माझी आईसुद्धा मला सुहासिनीच म्हणते."

दुसऱ्या दिवशी हेडविगने काठावरून बोट फिरवलं. आत्याआजी, आत्या, गिझेला. मग स्वतःचं नाव. तिथे बोट थांबलं.

"आई दांडीटाका घालायची," ती म्हणाली. "हा साखळीटाका कुणाचा?"

गिझेला रडायलाच लागली. सुहासिनी पुढे झाली. "सॉरी आंटी, माझा आहे."

हेडविगने पुन्हा एकदा त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. आईने शेवटपर्यंत माफ केलं नाही, हे तिला बोटानेच कळलं होतं. मग तिने सुहासिनीचा हात चाचपून धरला.

"पुढे जागा आहे. गिझेलाला मुलगी नाही. तुझं नाव घाल."

"कुठलं? माहेरचं की सासरचं?"

"उसवलेलं."

त्याच आठवड्यात हेडविग गेली. गिझेला मला इथेच ठेवून परतली. आता मी सुहासिनीच्या कपाटात, साड्यांच्या घडीत असतो. माझ्या काठावर हेडविगच्या शेजारी देवनागरीत 'सुनीती' आहे. सतीशला तिने ते अजून दाखवलेलं नाही.

कधीतरी दाखवेल. तेव्हा त्याने काय बोलायचं ते बोलावं. माझी एकच विनंती आहे, घरात कुणी कात्री शोधू नये.