जांभळी गवर

जलपर्णीचा फुगीर देठ दोन बोटांत दाबला की फट् असा बारीक आवाज होतो. सुमन मॅडम आठवल्या की मला आधी तो आवाज ऐकू येतो, मग ओल्या चिखलाचा वास येतो, आणि मग पाण्यावरून परतणाऱ्या उन्हात अर्धे मिटलेले त्यांचे डोळे दिसतात. परमुलखातून आलेल्या वनस्पती आणि इथली पाखरं एकमेकांशी कशी वागतात, हा त्यांचा जन्माचा अभ्यास. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नव्वदच्या दशकात कुरुंदवाडहून कोल्हापूरला येऊन त्यांच्या हाताखाली शिकले. डोळे जन्मापासून होतेच, पाहणं त्यांनी दिलं.

तळ्यातून बाहेर आलं की त्या आम्हाला चपला, सलवारीच्या कडा, अगदी बोटांच्या बेचक्याही धुवायला लावत. मुळाचा एक तंतूही दुसऱ्या पाण्यात जाता कामा नये. राजारामपुरीतल्या त्यांच्या इमारतीत प्रत्येक गॅलरी हिरवी होती. त्यांच्या एकटीच्या गॅलरीत कुंडीसुद्धा नव्हती. त्या मोकळ्या कठड्याचा अर्थ मला गारगोटीच्या पुढे, त्यांच्या गावी गेल्यावर कळला.

तिकडे गौर पाणवठ्यावरून तेरड्याच्या रूपानं येते आणि पाण्यातच परत जाते. कॉलेजात शिकणाऱ्या सुमननं एका वर्षी शहरातल्या कुठल्याशा हौदातलं जांभळ्या फुलांचं रोप हौसेनं आणलं आणि तेरड्याच्या जुडीत खोवलं. आईला केवढं अप्रूप वाटलं! गौरीबरोबर तेही गावच्या तळ्यात गेलं. पुढं पांढरी कुमुदं गेली, मासे गेले, म्हशी पाण्यात उतरेनाशा झाल्या. राहिलं ते केंदाळ, म्हणजे हीच जलपर्णी, काठोकाठ, वाऱ्यावर डुलणारं, आणि दुर्दैवानं सुंदर.

मी गेले त्या भाद्रपदात सणाला सगळं गाव घरी आलं होतं. तळं साफ करायला इतके हात पुन्हा जमणार नव्हते. गौर बोळवल्यानंतरच्या सकाळी दोर, विळे घेऊन माणसं पाण्यात उतरली. काठावरून मॅडमची चुलती कमरेवर हात ठेवून ओरडली,

"सुमे, तुझीच गवर हाय की ही! आता तूच बोळव!"

सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण ते हसू ओठांवरच वाळून गेलं.

दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त आभाळ पाण्यात उतरलं होतं. दिवस कलता कलता, उरलेल्या शेवटच्या कोपऱ्यात, केंदाळाच्या पानांवर कमळपक्षी बसलेला दिसला. या पाखरांत अंडी बाप उबवतो. माणसं हातभर अंतरावर आली तरी तो हलेना.

"ओढा की! पाखरू जातंय उडून," कुणीतरी म्हणालं.

"अंडी उडत न्हाईत, आबा," मॅडम म्हणाल्या.

कमरेइतक्या पाण्यात, हातात दोर धरून त्या उभ्या राहिल्या. एवढ्याशा तुकड्यातून काय होतं, हे त्या काठावर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या पाखराकडे बघत राहिल्या. मग दोर सोडला.

"एवढं ऱ्हाऊ द्या. पिल्लं चालाय लागली की मी येऊन काढते."

त्या आल्याही. पण तोवर पावसानं तो तुकडा फोडून काठाकाठानं पसरवला होता. पुढच्या गौरीला तळं पुन्हा जांभळं. त्या वर्षी चुलती काहीच बोलली नाही, आणि मॅडमनी तो अबोला टोमण्यापेक्षा खोल जपून ठेवला. वर्गात शिकवतानाही मधेच त्यांची मूठ दोर धरल्यासारखी मिटायची.

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. मी विद्यार्थ्यांना घेऊन त्या तळ्यावर जाते, निघताना त्यांना पाय धुवायला लावते. पानांवरून कमळपक्षी चाललेला असतो. पिल्लं पंखाखाली घेतलेली, त्यांचे लांब काटकुळे पाय तेवढे खाली लोंबताना दिसतात. या फुलांबद्दल तळ्याची क्षमा मागायला येणारी एकच बाई होती, ती आता नाही. आणि काळ त्या बापासारखा, पंखाखाली कुणाला घेतलंय ते न सांगता, बुडत्या पानांवरून हलक्या पावलांनी चालत राहतो.