चामड्याच्या बांधणीतला अर्ज

मी व्यवसायाने पुस्तकबांधणी करणारा मनुष्य. शाळेशी माझा संबंध सातवीपर्यंतच आला. पुढे जे काही ज्ञान प्राप्त झाले, ते खळ वाळेपर्यंत लोकांची पुस्तके वाचत बसल्यामुळे. माझ्या एकुलत्या एका कन्येस परदेशातील वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा आनंद आणि चिंता एकाच दाराने घरात शिरल्या. तेथील शुल्क आमच्या आवाक्याबाहेरचे होते. महाविद्यालयाच्या मदत-कार्यालयाने साहाय्य मंजूर केले तरच तिचे जाणे शक्य होते. अन्यथा प्रवेशाचे पत्र कपाटात ठेवून द्यायचे.

कार्यालयाने दाखले, गुणपत्रिका, घराची छायाचित्रे अशी त्रेसष्ट पाने टपालाने मागवली. सुटी पाने कोणापुढे ठेवणे माझ्या धंद्यास लाजिरवाणे. एका वकिलांच्या ग्रंथांच्या बांधणीतून उरलेले तपकिरी चामडे माझ्याजवळ होते. सात दिवस खपून मी त्या पानांची शिलाई केली, कडा कापल्या आणि वर सोनेरी वर्खाने कन्येचे नाव उमटवले. मालमत्तेचा तक्ता मात्र मी त्याच वकिलांकडून परस्पर करवून घेतला आणि तिच्या दृष्टीस न पडता शिलाईत घातला. त्याचे कारण पुढे येईलच.

"बाबा, अर्ज आहे हा, लग्नपत्रिका नाही," ती हसत म्हणाली.

"बघणाऱ्याला कळू दे, कुणाची लेक आहे ते."

बघणाऱ्यांना भलतेच कळले. महिन्याभराने पत्र आले, की इतक्या किमती बांधणीचा खर्च करू शकणाऱ्या कुटुंबास मदतीची आवश्यकता काय, याचा खुलासा व्हावा. मंगळवारी दुपारी चार वाजता व्हिडिओवर मुलाखत होईल.

"सोनं कमी पडलं वाटतं," आमची मंडळी म्हणाली. "दोन हिरे जडवायचे होते." ज्या हातांनी लेकीचे भले करावयाचे, त्याच हातांनी मी तिची वाट अडवली होती.

मंगळवारी कन्येने मोबाईल खळीच्या डब्यास टेकवून उभा केला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या. आमचे पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी धरले होते. मला त्यातल्या त्यात धीर वाटला. त्या इंग्रजीत विचारीत, कन्या मला मराठीत सांगे आणि माझे उत्तर त्यांना पोचवी. चामडे उरलेले आणि मजुरी घरची, हे त्यांना पटलेले दिसले. मग त्यांनी पानांच्या कडेवरून बोट फिरवले.

"त्या म्हणतात, कडा इतक्या सरळ आहेत म्हणजे घरी कटिंग मशीन असणार," कन्या म्हणाली. "पण तक्त्यात यंत्र नाही असं आहे. मी सांगते, दुरुस्तीला दिलंय, लिहायचं राहून गेलं."

"नाही म्हणून सांग."

"अहो बाबा, आहे ना आपलं मशीन! खोटं कशाला सांगायचं?"

"खोटं नाही, बाळ. विकलं ते."

"कधी?"

"तुझ्या प्रवेश परीक्षेची फी भरायची होती तेव्हा."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मंडळीस हे ठाऊक होते. ती खाली मान घालून पदराचे टोक पिळू लागली. पडद्यावरील बाईंनी दोनदा काही विचारले, पण कन्येचे तिकडे लक्षच नव्हते.

तेव्हा मी उठलो. शिवून ठेवलेली एक वही कागद दाबून धरणाऱ्या शिकंज्यात घातली, स्क्रू आवळला आणि सुरी घेतली. ही सुरी दाबायची नसते, ओढायची असते; एका ओढीस तीन-चार पानेच सुटतात. घाई केली की कड वाकडी जाते. पंधरा मिनिटे मी ओढीत राहिलो. एकदा बाईंनी चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आणला. वही कापून झाल्यावर मी तिची कड मोबाईलसमोर धरली. त्यांनी आपल्या हातातल्या पुस्तकाची कड तशीच समोर धरली आणि कितीतरी वेळ दोन्हींकडे पाहिले.

त्यानंतर त्या बरेच बोलल्या. कन्येच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि पडदा काळा झाला.

"काय म्हणाली गं? नाही म्हणाली का?" मंडळीने विचारले.

कन्येने मान हलवली. "खुलासा मान्य आहे म्हणाल्या. समितीने मदत आधीच ठरवली होती, हा एकच आक्षेप उरला होता. तो त्यांनी आत्ता काढून टाकला. फी आणि राहणं, दोन्ही मिळणार."

मी खाली बसलो. ती माझ्याजवळ आली, पण आनंदापेक्षा राग आधी बाहेर पडला.

"नऊ महिने, बाबा! मशीन परत कधी येणार म्हणून मी रोज विचारत होते. आणि तुम्ही म्हणायचात, पार्ट मिळत नाही."

"सांगितलं असतं, तर परीक्षेला बसली असतीस?"

"नसते बसले."

"मग?"

"मग काय मग!" असे म्हणून तिने माझा उजवा हात ओढून घेतला आणि सुरीने पडलेल्या घट्ट्यांवर अंगठा फिरवू लागली, जणू काही नाडीच तपासते आहे. माझाही बांध फुटला.

"बापलेक एकदाचे रडून घ्या," मंडळी म्हणाली. "मग मला कुणीतरी सांगा, तिकडे थंडी किती असते."

"खूप असते, आई."

"मग लोकर आज आणायला हवी," असे बोलून ती चपला शोधू लागली.