पडद्यामागचे दिवे

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप पालथा केला आणि तळाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"हा माझ्याकडे येऊन गेलाय, ताई. माझंच अक्षर आहे."

थोरली नुसतं अडकणारं बटण दाखवायला आली होती. दोघी बहिणींच्या फोटो स्टुडिओत त्या लॅपटॉपला आता कोणी विचारत नव्हतं. तिलाही फारसं कोणी विचारत नव्हतं म्हणा. वीस वर्षं तिने लोकांच्या चेहऱ्यांचे रंग डोळ्यांत तेल घालून जुळवले, आणि गेल्या वर्षी याच लॅपटॉपवर जुळवून छापलेले फोटो फिके, निळसर निघायला लागले. एका नवरीची आई म्हणाली, "ही माझी मुलगी आहे की चुना फासलेली भिंत?" धाकटी तेव्हा हळूच म्हणाली होती, "ताई, एकदा डोळे दाखवून घे." डॉक्टरांना काही सापडलं नाही. पण वडिलांची दृष्टी पन्नाशीत गेली, तेव्हा त्यांनाही डॉक्टर आधी 'काही नाही' असंच म्हणाले होते. थोरलीने स्कूटर सोडली, शिवणकाम सोडलं आणि एक दिवस रंगकामाची खुर्चीही सोडली. धाकटीने तिथे संगणकाचा नवा पडदा आणून लावला आणि ती स्वतः रंगकामाला बसली. थोरली फोन घ्यायला आणि अल्बम बांधायला लागली.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप सुरू करून आपल्या नव्या यंत्राशेजारी ठेवला आणि दोन्हींवर एकच फोटो उघडला. जुन्यावरचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसत होता.

"पडद्यामागचे दिवे म्हातारे होतात," तो म्हणाला. "उजेड रोज कणभर कमी होतो, वर पिवळेपणा चढतो. रोज बघणाऱ्याला पत्ताच लागत नाही."

"म्हणजे यावर मला जे बरोबर दिसणार..."

"ते छापल्यावर भलतंच पांढरं आणि निळं होणार. तुमच्या बहिणीला सांगितलं होतं की मी तेव्हाच."

थोरलीने चिठ्ठी वाचली. 'पंखा साफ केला. पडदा थकलाय, बदलावा.' खाली तारीख होती. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या आठवड्याची. तिथल्या बाकावर धाकटी तिचा हात हातात घेऊन तासभर बसली होती, आणि ताकास तूर लागू दिली नव्हती.

बटण तसंच ठेवून थोरली स्टुडिओत परतली. धाकटी पडद्यासमोर बसली होती. तिने मान न वळवता विचारलं, "झालं का गं बटण?"

"माझे डोळे चांगले आहेत."

धाकटीचा माउसवरचा हात थांबला. ती निदान 'म्हणजे?' असं तरी विचारेल, अशी थोरलीला आशा होती. तिने विचारलं नाही.

"आठ महिने रडले मी," थोरली म्हणाली. "बाबांसारखी आंधळी होणार म्हणून. आणि रडले ती तुझ्याच खांद्यावर."

"सांगणार होते, ताई."

"कधी? काठी आणून दिल्यावर?"

धाकटीने खाली मान घातली. परक्याने केलं असतं तर थोरलीने चार शिव्या हासडून विषय संपवला असता. इथे दातही आपलेच आणि ओठही आपलेच.

"खुर्ची हवी होती तर मागायची होतीस."

"पाच वर्षं मागत होते." आता धाकटीने वर पाहिलं. "दर वेळी म्हणायचीस, तुला अजून नजर नाही."

ते वाक्य थोरलीचंच होतं. नाकारायची सोय नव्हती, आणि त्याने राग तसूभरही कमी झाला नाही. तिने स्टूल ओढलं, धाकटीच्या शेजारी बसली आणि पडद्यावरच्या चेहऱ्यातली चूक शोधायला लागली. गाल, कपाळ, हनुवटीखालची सावली, सगळं तिने पुन्हा पुन्हा तपासलं.

चूक सापडत नव्हती.