तेरावं वचन

"देवाला मराठी कळत न्हाई का, म्हणून हे म्हातारपणी ग्रीक शिकायलेत?" मंजुषावहिनी माझ्या कानाशी पुटपुटली आणि सतरंजीवर जरा सरकून बसली.

हे म्हणजे तिचे यजमान, आबासाहेब. सेलूत हेडमास्तर होते. निवृत्त झाले आणि आमच्या मूठभर ख्रिस्ती घरांच्या शुक्रवारच्या प्रार्थनेचे आपोआप प्रमुख झाले. शाळा सुटली, फळा काही सुटला नाही. नवा करार मूळचा ग्रीकमधला, म्हणून मोबाइलवर ग्रीक शिकून आता ते प्रत्येक वचन 'मुळातून' सांगतात, आणि आम्ही कळल्यासारख्या माना डोलावतो.

त्या शुक्रवारी त्यांनी लोभावरचं वचन काढलं. लूक, बारावा अध्याय, पंधरावं. का काढलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची धाकटी बहीण सुकेशनी गंगाखेडहून आली होती. बापाच्या शेतावरचा हक्क सोडल्याची सही तिनं दुसऱ्या दिवशी करायची होती. आमच्याकडं रीतच आहे: बहिणीनं सही करायची, भावानं लुगडं नेसवायचं, दोघांनी फोटो काढायचा. धर्म बदलून पिढ्या झाल्या. ही रीत मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्यात भिजली नाही. पण सुकेशनीचा नवरा वारला, आणि भाड्याच्या खोलीत तिचं घर आता शिवणयंत्रावर चालतं. या खेपेला ती एवढंच म्हणाली होती, "दादा, विचार करून सांगते."

तेवढ्यावर हा सगळा ग्रीकचा थाट.

आबासाहेबांनी फळ्यावर 'प्लेओनेक्सिया' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. अंगातला सदरा सुकेशनीनंच शिवलेला. काखेत जराही ओढत नव्हता.

"मराठीत नुसतं लोभ म्हटलंय. मुळात लय खोल हाय," ते म्हणाले. "प्लेऑन म्हणजे जास्त. आपल्या वाट्यापेक्षा जास्त धरायला बघणं. दुसऱ्याच्या हिश्श्यावर डोळा ठेवणं. बायामाणसांना हा मोह लवकर होतो."

बोलताना बघत होते बहिणीकडं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

मला ग्रीक येत नाही. शाळाच सातवीत सुटली. पण पंधराच्या आधी तेरा येतात, एवढं येतं. त्या तेराव्या वचनात गर्दीतला एक जण येशूला विनवतो की माझ्या भावाला सांगा, वडिलांच्या मिळकतीतला माझा वाटा मला दे म्हणून. लोभाची गोष्ट निघते ती तिथून. बायबल तर सगळ्यांच्याच मांडीवर उघडं होतं. पलीकडं बसलेल्या बालाजीनं नेमकं ते वचन अंगठ्याखाली झाकलं. पार्वतीबाई चष्मा पुसायला लागल्या. मी पंख्याकडं पाहिलं. इतकी विद्वान मंडळी मी एका सतरंजीवर कधी पाहिली नव्हती.

"दादा," सुकेशनी हळूच म्हणाली, "जरा वरचं बी वाचा ना."

आबासाहेबांनी खडू खाली ठेवला. "ते नुसता संदर्भ हाय. अन् येशूनं त्या वाटणीत पडायला साफ नकार दिला. चौदावं बघ. विषय संपला."

"येशू पडला न्हाई, म्हणून मी पडायलेय," मंजुषावहिनी म्हणाली. या वेळी ती पुटपुटली नाही. "जास्त धरणं म्हणजे काय, ते तुमीच फळ्यावर लिहून सांगितलंत. सुकेशनीचा वाटा आपल्याकडं हाय. तिचा तिला देऊन टाका."